१८० युनिटांचं घर आणि २.९ टक्क्यांची बातमी

कराडला आत्याच्या स्वयंपाकघरात, दाराच्या मागे, एक लोखंडी तार आहे. वर हूक, खाली लाकडी गोल बूड. वाण्याच्या दुकानात पूर्वी असायची तशीच. आत्या वीजबिल भरून आली की ते त्या तारेत खोचते. बिलाच्या मागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: भरल्याची तारीख, युनिट, आणि शेरा. शेरे वाचण्यासारखे आहेत. 'पाहुणे ६ दिवस.' 'फ्रीज बिघडला होता.' 'मी बंगळूरला.' मे २०२३ च्या बिलामागे नुसतंच लिहिलंय: 'कसं?'

हे प्रकरण त्या 'कसं?'चं आहे.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ३१ मार्च २०२३ ला महावितरणच्या दरांचा आदेश काढला. नवे दर १ एप्रिलपासून लागू झाले. वर्तमानपत्रांतला आकडा होता पहिल्या वर्षी सरासरी २.९ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५.६ टक्के वाढ. आत्याने ते वाचलं, मनात हिशेब केला की आपलं बिल साधारण दीड हजार, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस रुपये वाढतील, आणि विषय सोडून दिला. मेचं बिल आलं ते १,७८५ रुपयांचं. तिने तारेतून आदल्या जूनचं बिल काढलं आणि मला फोन केला. "अरे, मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय. पंधराशेचे २.९ टक्के पावणेतीनशे होतात का?"

घर साधं आहे. दोन खोल्या, सिंगल फेज मीटर, एक फ्रीज, दोन पंखे, टीव्ही, मिक्सर, थंडीत पाणी तापवायचा गिझर. एसी नाही. वापर महिन्याला दीडशे ते दोनशे युनिट. दर महिन्याचे युनिट वेगळे असल्यामुळे दोन बिलं नुसती शेजारी ठेवली तर दर किती वाढला आणि वापर किती वाढला हे एकमेकांत मिसळतं. म्हणून मी सगळ्या महिन्यांना १८० युनिट धरले आणि त्या त्या वेळच्या दराने बिल पुन्हा मांडलं. पुढचे आकडे त्या मांडणीतले आहेत.

मे २०२३ चं बिल असं उभं राहतं:

स्थिर आकार: ११६.००
वीज आकार, पहिले १०० युनिट × ४.४१: ४४१.००
वीज आकार, पुढचे ८० युनिट × ९.६४: ७७१.२०
वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा), १८० × १.१७: २१०.६०
बेरीज: १,५३८.८०
वीज शुल्क १६ टक्के: २४६.२१
एकूण: १,७८५.०१

आणि जून २०२२ चं? तेव्हा स्थिर आकार १०५ रुपये होता. पहिल्या १०० युनिटांना ३.३६, पुढच्यांना ७.३४. वहन आकार मात्र जास्त, १.३५. इंधन समायोजन आकार नावाची, म्हणजे विजेचा खर्च ठरल्यापेक्षा वाढला की तो फरक वसूल करणारी, एक बारीक ओळ होती, पहिल्या टप्प्याला १० पैसे आणि दुसऱ्याला २० पैसे, म्हणजे सगळे मिळून २६ रुपये. शुल्कासह बिल १,५०४.७५. तिथून १,७८५ म्हणजे साडेअठरा टक्क्यांहून जास्त वाढ. आत्याचं गणित बरोबर होतं.

मग आयोगाचं चुकलं का? नाही, आणि इथेच गंमत आहे. तारेत ऑगस्ट २०२२ चंही बिल होतं. जुलै ते नोव्हेंबर २०२२ या पाच महिन्यांत तीच बारीक ओळ एकदम जाड झाली होती. पहिल्या टप्प्याला ६५ पैसे, १०१ ते ३०० ला १ रुपया ४५ पैसे, ३०१ ते ५०० ला २ रुपये ५ पैसे, त्यापुढे २ रुपये ३५ पैसे. आत्याच्या १८० युनिटांवर २६ रुपयांच्या जागी १८१ रुपये, त्यावर पुन्हा १६ टक्के शुल्क. ऑगस्टचं बिल होतं १,६८४.५५. तिथून मे २०२३ पर्यंतची वाढ सहा टक्क्यांच्या जराशी आत येते. आदेशानंतर घरगुती ग्राहकांसाठी सरासरी वाढ म्हणून जो आकडा सांगितला गेला तोही सहाच टक्के होता. २.९ हा उद्योग, दुकानं, शेती, घरं अशा सगळ्यांचा मिळून काढलेला आकडा. त्या आकड्याचं घर राज्यात शोधून सापडायचं नाही.

म्हणजे एकाच बिलाला दोन वाढी लागू पडतात, सहा टक्के आणि साडेअठरा टक्के, आणि दोन्ही खऱ्या. फरक कुठून मोजायला सुरुवात केली याचा. आयोगाने इंधन समायोजनासह जो दर लोक आधीच देत होते त्यावरून मोजलं. आत्याने ते समायोजन जवळजवळ नसलेल्या महिन्यावरून मोजलं. दरपत्रकातला ३.३६ चा ४.४१ झाला तेव्हा १ रुपया ५ पैसे वाढले. त्यातले ६५ पैसे ऑगस्टमध्ये घरात येऊन गेलेच होते, फक्त 'समायोजन' असं पाहुण्याचं नाव घेऊन. एप्रिल २०२३ मध्ये पाहुण्याचं नाव रेशनकार्डावर चढलं. वहन आकार १८ पैशांनी उतरला तो वजा केला तर पहिल्या टप्प्यात नवी वाढ २२ पैसेच राहते. दुसऱ्या टप्प्यात मात्र ६७ पैसे.

हे समायोजन आलं कुठून, ते सांगायला हवं, कारण आत्याचा राग खरा त्याच्यावर होता. कराडच्या माणसाला तर तो जास्तच येतो. कोयनेची वीज आमच्या उशाशी तयार होते, मग आम्हाला महाग का, हा प्रश्न इथे पारावर, दुकानात, एसटीत सारखा ऐकू येतो. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट होतात हे खरं. पण ते पाणी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेला तोलून मापून वापरायचं असतं, आणि पश्चिमेकडे किती वळवायचं याला कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे. घरात येणारी वीज म्हणजे सगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या विजेचं मिश्रण. त्यात कोळसा सगळ्यात जास्त. आणि २०२२ चा उन्हाळा कोळशाने वाईट गाजवला. मार्चपासूनच उकाडा, मागणी वर, खाणींतून कोळसा पुरेना, आणि युक्रेन युद्धामुळे आयात कोळसा भडकलेला. केंद्राने वीजकेंद्रांना आयात कोळसा मिसळायला सांगितलं. वीज एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, दर इतका चढला की केंद्रीय वीज नियामक आयोगाला युनिटला १२ रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. भारनियमन टाळायला राज्याने गुजरातच्या मुंद्र्याच्या प्रकल्पातून ७६० मेगावॉट घेतले.

दर वर्षातून एकदाच ठरतो, पण कोळसा रोज विकत घ्यावा लागतो. मधला फरक भरून काढायला समायोजन. मार्च ते मे २०२२ मध्ये चढ्या भावाने घेतलेल्या विजेचे पैसे जुलैपासून वसूल झाले. एप्रिलच्या उकाड्यात फिरलेल्या पंख्याचे पैसे ऑगस्टच्या पावसात भरायचे. आत्याच्या ऑगस्टच्या बिलामागे शेरा होता: 'पंखा बंद तरी?' बिचारीने त्या महिन्यात मीटर तपासायला पोराला माळ्यावर चढवलं होतं.

त्याआधीची दीड-पावणेदोन वर्षं ही ओळ बिलात जाणवायचीच नाही, त्यालाही कारण होतं. २०२० च्या आदेशात आयोगाने १,५०० कोटींचा समायोजन निधी उभा करायला लावला होता. आधी त्यातून खर्च करा, तो संपला की मग ग्राहकाकडे जा. कल्पना चांगली होती. पण निधी असेपर्यंत ग्राहकाला वाटत राहिलं की वीज स्थिर भावाने मिळते, आणि तो संपला नेमका महागाईच्या तोंडावर. उशी काढून घेतली तेव्हा आपण दगडावर होतो हे कळलं.

आदेशाच्या मागची रस्सीखेचही थोडक्यात सांगतो. महावितरणने तूट दाखवली होती ६७ हजार ६४४ कोटींच्या आसपास, आणि दोन वर्षांत १४ आणि ११ टक्के वाढ मागितली होती. ग्राहक संघटनांनी कागद उलगडून ही मागणी प्रत्यक्षात ३७ टक्क्यांची असल्याचं मांडलं. तिथेही भांडण तेच, मोजायचं कुठून. आयोगाने ३९ हजार ५६७ कोटी मान्य केले. सुनावणीत सामान्य ग्राहकालाही हरकत नोंदवता येते. किती जण नोंदवतात ते सोडा.

आता आत्याच्या बिलाकडे परत. टक्केवारीपेक्षा महत्त्वाची गोष्ट त्या बिलात दुसरीच आहे. वरचं बिल पुन्हा बघा. पहिले १०० युनिट, स्थिर आकार आणि शुल्क धरून, ७८२ रुपयांना पडतात. पुढचे ८० युनिट १,००३ रुपयांना. म्हणजे बिलाचा मोठा हिस्सा शंभराच्या पुढच्या थोड्या युनिटांनी खाल्ला. आत्याचं शंभराच्या आतलं एक युनिट तिला मे २०२३ मध्ये शुल्कासह ६ रुपये ४७ पैशांना पडत होतं, शंभरानंतरचं १२ रुपये ५४ पैशांना.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. १०१ वं युनिट पडलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं, असं लोक सांगतात, अगदी ठामपणे. तसं नाही. पहिल्या शंभराला शंभराचाच दर राहतो, फक्त वरच्यांना वरचा. ९९ वरून १०१ वर गेल्याने कुणी बुडत नाही. पण ९९ वरून १८० वर गेल्याने बिल दुपटीच्या पुढे जातं हेही तितकंच खरं.

याचा परिणाम बचतीवरही होतो. आत्याने त्या वर्षी हॉलमधला जुना पंखा काढला आणि कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा लावला. जुना ७५ वॉटच्या आसपास, नवा ३० च्या. दिवसाला दहा तास धरले तर महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. तिचे ते युनिट वरच्या टप्प्यातले, म्हणून महिन्याला १६९ रुपये. खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या जोडप्याचा वापर ९० युनिटांचा. त्यांनी तोच पंखा लावला तर वाचतात ८७. पंखा तोच, वारा तोच, पण आत्याचे पैसे दीड वर्षात वसूल आणि त्यांचे तीन वर्षांत. दुकानदार हे सांगत नाही, त्याला सांगायचं कारणही नाही.

वीज शुल्काबद्दल एक वाक्य बोलल्याशिवाय राहवत नाही. ते १६ टक्के राज्य सरकारचे, महावितरणचे नाहीत. दर वाढला, समायोजन वाढलं, स्थिर आकार वाढला, तर शुल्क आपोआप वाढतं. आत्याच्या १८० युनिटांवर ते जून २०२२ मध्ये २०८ रुपये होतं. २०२४-२५ च्या दराने २६१ झालं. विधानसभेत कुणाला त्यासाठी उभं राहून काही जाहीर करावं लागलं नाही.

त्या २०२४-२५ च्या दराने बिल १,८९४ झालं: स्थिर आकार १२८, वीज आकार ४.७१ आणि १०.२९, वहन आकार तेवढाच. आधीच्या वर्षाच्या मानाने पुन्हा सहा टक्के. तोपर्यंत आत्या बिल बघून दचकायची थांबली होती. पण मे २०२४ मध्ये तिला एक वेगळाच कागद आला, 'अतिरिक्त सुरक्षा ठेव'. तिला वाटलं फसवणूक आहे. फोनवर लिंक पाठवून वीज तोडण्याची धमकी देणारे इतके झाले आहेत की शंका योग्यच. पण हा कागद खरा होता. २०२१ च्या नियमांनंतर ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी ठेवावी लागते, आणि सरासरी आदल्या वर्षाच्या बिलांवरून काढतात. बिल महिन्याला पावणेतीनशेने वाढलं म्हणजे ठेव साडेपाचशेने कमी पडली. दर वाढले एप्रिल २०२३ ला, त्यांची ही शेपटी घरी पोचली पुढच्या उन्हाळ्यात. ती रक्कम आपलीच असते, तिच्यावर व्याजही मिळतं, हप्तेही मिळतात. पण पेन्शनरच्या मे महिन्यात ते साडेपाचशे बाहेर जातातच.

तारेच्या अगदी तळाशी, जवळजवळ लाकडाला टेकलेलं, जून २०२० चं बिल सापडलं. ते बघून कळलं की हा घोळ नवा नव्हता. त्या वर्षी ३० मार्चच्या आदेशाने दर सरासरी ७ ते ८ टक्क्यांनी कमी झाल्याची बातमी होती. दरपत्रकात मात्र वहन आकारासह पहिल्या टप्प्याचा ४.३३ चा ४.९१ झाला होता, आणि दुसऱ्याचा ८.२३ चा ८.८८. कारण तेच: आधीचं समायोजन धरून मोजलं की घट, न धरता मोजलं की वाढ. त्यात लॉकडाऊन. २३ मार्चपासून रीडिंग बंद, दोन महिने डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सरासरीवर बिलं, म्हणजे हिवाळ्याचा वापर उन्हाळ्याला लावलेला. जूनमध्ये रीडिंग झालं आणि सगळा फरक एकदम अंगावर आला. टप्पे तीन महिन्यांचे धरून, म्हणजे शंभराच्या जागी तीनशे युनिट खालच्या दराने लावून, हिशेब केला होता, पण बिलाच्या त्या कागदावर ते सामान्य माणसाला कळणं कठीण होतं. राज्यभर आरडाओरडा झाला. शेवटी एकदम भरणाऱ्याला दोन टक्के सूट आणि बाकीच्यांना तीन हप्ते मिळाले. आत्याने एकदम भरलं. ती आजही देयकाच्या तारखेपासून सात दिवसांत भरते, एक टक्का सूट मिळते म्हणून. पंधरा रुपये वाचतात. शेऱ्यात तेही लिहिते.

२०२४-२५ मध्ये दोन महिन्यांसाठी ती मुलीकडे बंगळूरला गेली होती तेव्हा फ्रीजसुद्धा बंद होता. तरी महिन्याला १४८ रुपये आलेच, स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क. शेरा: 'कुलूप १४८.'

मग २०२५ आलं. २८ मार्चला नवा आदेश, दर कमी. २ एप्रिलला त्यालाच स्थगिती, कारण महावितरणने फेरविचार मागितला. २५ जूनला सुधारित आदेश, १ जुलैपासून लागू. पुन्हा एकदा मोठी बातमी: पहिल्या वर्षी सरासरी १० टक्के कपात. आत्याने या वेळी बातमी कापून थेट तारेत खोचली आणि मला सांगितलं, "ये रविवारी, हिशेब करू."

वहन आकार आणि त्या वेळचं समायोजन धरून पहिल्या शंभर युनिटांचा दर ६.३२ वरून ५.७४ झाला होता. म्हणजे ५८ पैसे कमी. पण १०१ ते ३०० चा १२.२३ वरून १२.५७, म्हणजे ३४ पैसे जास्त. पुढचा १६.७७ वरून १६.८५. स्थिर आकार बाजूला ठेवला तर आत्याचे पहिल्या टप्प्यात ५८ रुपये वाचतात आणि दुसऱ्यात २७ जातात. शुल्कासह निव्वळ फायदा ३६ रुपयांचा. खालच्या ९० युनिटांच्या जोडप्याला त्याच आदेशात ६१ रुपये वाचले. २७० युनिटांपाशी फायदा-तोटा बरोबर सुटतो आणि त्यापुढे दरकपातीने बिल वाढतं.

वरच्या मजल्यावरच्या काकांनी त्या उन्हाळ्यात एसी लावला होता. वापर ३१० युनिट. आम्ही हिशेब करत बसलो असतानाच ते जुलैचं बिल हातात घेऊन जिना उतरले. टीव्हीवर १० टक्के कमी सांगितलं आणि आपलं तर एवढ्याच युनिटांना बारा रुपये जास्त आलंय, मीटर जोरात पळतोय, तपासणीचा अर्ज लिहून द्या, असं म्हणाले. आत्याने पेन्सिल पुढे केली आणि त्यांना बिल पालथं करायला सांगितलं.